आठ शनिवार आणि एक नारळ

रात्रीचे पावणेदोन वाजलेत. सकाळी नऊला क्लायंट कॉल. आणि अस्मादिक काय करताहेत? लॅपटॉपवर एक्सेल शीट उघडून बसलेत. टॅक्सची? छे! एसआयपीची? तीही नाही. शीटचं नाव आहे, ‘कुठला खोका घ्यायचा – फायनल ३’.

पहिला कॉलम, खोक्याचं नाव. दुसरा, किंमत. तिसरा, किती शनिवार पुरेल. आणि चौथा, ‘छोट्याला आवडेल का?’

खरा कॉलम चौथाच होता. बाकीचे तीन नुसते त्याला झाकायला. पण हे माझ्या टाळक्यात शिरायला जाम वेळ लागला. एक कडकडून भांडणही व्हावं लागलं. म्हणून पहिल्यापासूनच सांगते...

छोट्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. उंची सहा फूट, तेव्हाचं वय पंचवीस, पण घरात अजून छोट्याच. बंगळुरूला एका स्टार्टअपमध्ये होता. २०२३ च्या जानेवारीत एका सोमवारी सकाळी त्याच्या अर्ध्या टीमचं लॉगिन चालेना. अकरापर्यंत कळलं, की ते आता कधीच चालणार नाही. संपलं! पुढच्या आठवड्यात दोन बॅगा आणि एक बीनबॅग घेऊन स्वारी माझ्या कर्वेनगरच्या वन बीएचकेच्या दारात उभी.

“दोन महिने बघतो, तायडे,” बूट काढता काढता म्हणाला. “नाही जमलं तर साताऱ्याला जाऊन बाबांना सांगतो.”

म्हणजे बाबांना अजून सांगितलेलंच नव्हतं. साताऱ्यात ‘छोट्याला वर्क फ्रॉम होम दिलंय, म्हणून ताईकडे आलाय’ अशी बातमी. आई फोनवर खूश. “बरं झालं, दोघं एकत्र आहात. जेवायला तरी नीट मिळेल त्याला.”

जेवायला मिळत होतं, पण खायला पोरगा कुठे ताटावर येत होता? दुपारी बाराला उठणार, मोबाइल घेऊन बीनबॅगमध्ये घुसणार. हाक मारली की “हो, आलो”. येणार नाही. इंटरव्ह्यू कसा झाला विचारलं की “ठीक”. मी ऑफिसातून आले की घरात दोन माणसं आणि दोन स्क्रीन. एवढंच.

नेमका त्याच आठवड्यात ऑफिसातला एक मित्र अमेरिकेतलं ऑनसाइट संपवून परत आला होता. सामान आवरताना त्यानं एक खोका माझ्या डेस्कवर ठेवला. “तुला भुताखेतांचं वेड आहे ना? घे. माझ्याकडे खेळायला कुणी नाही.”

खोक्यावर नाव होतं, ‘आर्कहॅम हॉरर : द कार्ड गेम’.

नारळ आला!

ज्यांना हा प्रकार माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. फँटसी फ्लाइट गेम्स या अमेरिकन कंपनीनं २०१६ मध्ये काढलेला हा पत्त्यांचा खेळ. नेट फ्रेंच आणि एमजे न्यूमन ही त्याची डिझायनर जोडी. काळ १९२० च्या दशकातला, गाव मॅसॅच्युसेट्समधलं आर्कहॅम. नकाशात शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. ते एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) या भयकथाकाराच्या डोक्यातलं गाव आहे.

आपण धारप-मतकरी वाचत, पांघरूण नाकापर्यंत ओढून वाढलेली मंडळी. आपल्याकडच्या भुतांना काहीतरी हवं असतं. कुणाचा सूड राहिलेला असतो, कुणाची इच्छा. लव्हक्राफ्टच्या राक्षसांना आपल्याशी काही देणंघेणंच नसतं. ती इतकी अवाढव्य आणि इतकी पुराणी, की आपण त्यांच्या खिजगणतीतही नसतो. जाता जाता पायाखाली आलो तर आलो. छोट्या म्हणाला, “म्हणजे एचआर!”

महिन्याभरातला त्याचा पहिला विनोद.

या खेळाची सगळ्यात सही गोष्ट म्हणजे यात आपण एकमेकांविरुद्ध खेळत नाही. सगळे भिडू एका बाजूला, खेळ दुसऱ्या बाजूला. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. साधारण तीस पानांचा आपापला कॅट लावायचा. वर त्या पात्राच्या कमजोरीची एक-दोन पानं मुद्दाम आपल्याच हातानं त्यात पिसायची! पाळी आली की तीन गोष्टी करता येतात. हिंडा, पुरावे शोधा, लढा, पळा. मग खेळाची पाळी. तो दर वेळी नवीन संकट काढतो, आणि घड्याळ एक घर पुढे सरकतं.

आणि काहीही अवघड करायचं तर पिशवीत हात घालायचा. पिशवी खोक्यात मिळत नाही, आपली आपण शोधायची. आम्ही आईनं साडीच्या काठाचा शिवलेला बटवा घेतला. नेहमीच्या, म्हणजे ‘स्टँडर्ड’ काठिण्याला त्यात पहिल्या मोहिमेसाठी १६ चकत्या पडतात. काहींवर उणे एक, उणे दोन, काहींवर कवटी वगैरे. त्यातल्या एका लाल चकतीवर वळवळणारा, ऑक्टोपससारखा पाय असतो. ती आली की खलास. तुमची तयारी कितीही जय्यत असो, हातातली चांगली चांगली पानं त्यावर लावलेली असोत, तुम्ही नापास. चर्चा नाही.

पहिल्याच डावात छोट्यानं हुकमी तयारी करून बटव्यात हात घातला आणि तीच चकती काढली. तिच्याकडे बघत बसला जरा वेळ. मग म्हणाला, “नारळ मिळाला.”

मी घाबरून त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या चकतीचं नाव नारळ. सोळात एक. “माझ्या ऑफिसात दोनात एक होता,” इति छोट्या.

मी रोलंड बँक्स घेतला होता. सरकारी एजंट, सगळं नियमानं करणारा. (क्वालिटी टेस्टिंगमध्ये सहा वर्षं काढल्यावर माणूस दुसरं काय घेणार?) छोट्यानं वेंडी ॲडम्स घेतली, रस्त्यावर राहणारी अनाथ मुलगी. कारण तिच्याकडे एक भारी सोय होती. हातातलं एक पान टाकून दिलं, की पिशवीतून आलेली चकती परत पिशवीत टाकून दुसरी काढता येते. नारळसुद्धा!

“ही माझी बाई,” तो म्हणाला. “नारळ परत देणारी.”

मूळ खोक्यात तीन डावांची एक छोटी मोहीम असते. पहिल्या डावात तुम्ही स्वतःच्याच घरात अडकता. अभ्यासाच्या खोलीचं दारच गायब झालेलं असतं. शेवटी तर घर जाळायचं की ठेवायचं, हाही निर्णय तुमच्यावर. मी म्हटलं जाळू, तेच शहाणपणाचं दिसतंय. छोट्यानं मान हलवली. “नको. राहायला घर आहे ना, तेवढं असू दे.” दुसऱ्या डावात गावात लपलेले सहा जण मध्यरात्रीपूर्वी शोधायचे. आम्हाला तीन सापडले. उरलेले तिसऱ्या डावात त्रास द्यायला हजर. तिथे आम्ही असे काही आपटलो, की विचारू नका.

पत्ते गोळा करता करता छोट्यानं विचारलं, “पुढे काय आहे?”

मोबाइल तीन तास चार्जिंगला पडून होता. त्यानं एकदाही बघितला नव्हता. मी मनात म्हटलं, आता पुढचं काहीतरी आणायलाच हवं.

खोक्यांचा बाजार

आणि इथून माझी एक्सेल शीट सुरू झाली. कारण या खेळात ‘पुढचं काहीतरी’ म्हणजे एक अख्खा बाजार आहे राव!

आधी जुना हिशेब. २०१६ ते २०२० या काळातल्या मोहिमा तुकड्यातुकड्यानं यायच्या. एक मोठा खोका, त्यात पहिले दोन डाव. मग सहा छोटी पाकिटं, प्रत्येकात एक डाव. एक पाकीट जरी बाजारातून संपलं, तरी कथेला मधेच भोक. २०२१ च्या ‘एज ऑफ द अर्थ’पासून कंपनीनं हे बदललं. आता एका मोहिमेचे दोन खोके. एक कथेचा, ज्यात सगळे डाव येतात. दुसरा माणसांचा, ज्यात नवीन पात्रं आणि त्यांची पानं. जुन्या मोहिमाही पुढे याच पद्धतीनं पुन्हा निघाल्या. मूळ खोकाही २०२१ मध्ये सुधारून आला. आधी एका खोक्यात दोघांनाच खेळता यायचं, आता चौघांना येतं.

म्हणजे पहिला प्रश्न, कथा घ्यायची की माणसं? मूळ खोक्यात पाच पात्रं असतात. त्यांना घेऊन कुठलीही कथा खेळता येते. पण नुसती नवी माणसं आणली आणि कथा तीच जुनी तीन डावांची, तर त्यांना घेऊन जाणार कुठे? पहिल्यांदा कथाच घ्यावी. इतकं साधं आहे.

दुसरा प्रश्न, कुठली कथा? माझ्या शीटमधून थोडक्यात असं.

‘द डनविच लेगसी’. सगळ्यात पहिली मोठी मोहीम, आठ डावांची. लव्हक्राफ्टच्या १९२९ मध्ये छापून आलेल्या ‘द डनविच हॉरर’ या कथेच्या पुढची गोष्ट. म्युझियम, जुगाराचा अड्डा, रेल्वे... प्रत्येक डाव वेगळ्या तऱ्हेचा. नियम फारसे वाढत नाहीत. नवख्यांना एकदम सूट होणारी.

‘द पाथ टू कार्कोसा’. हेही आठ डाव. मूळ प्रेरणा रॉबर्ट चेंबर्सच्या १८९५ च्या ‘द किंग इन यलो’ची. एका नाटकाच्या प्रयोगापासून सुरुवात, आणि मग आपण बघतोय ते खरं की आपलंच डोकं फिरलंय, हा संशय शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. कथा म्हणून अफलातून.

‘द फरगॉटन एज’. जंगल, साप, विष. बरोबर काय सामान घ्यायचं याचाही हिशेब. चूक केलीत की ती पुढे तीन डाव वसूल करते. आधीच खचलेल्या माणसापुढे ठेवू नये अशी. मी लाल रंगानं खोडली.

‘द ड्रीम-ईटर्स’. चार-चार डावांच्या दोन गोष्टी. एक स्वप्नातली, एक जागेपणातली. वेगळ्या खेळा नाहीतर गुंफून खेळा. कमी वेळ असलेल्यांना बरी. ‘एज ऑफ द अर्थ’ अंटार्क्टिकाच्या बर्फात घेऊन जाते, तर ‘द स्कार्लेट कीज’मध्ये जगभर हिंडायचं आणि कुठे आधी जायचं ते आपणच ठरवायचं. मस्त प्रकार, पण पहिल्याच घासाला जड.

याशिवाय ‘रिटर्न टू’ नावाचे खोके. ते जुन्या मोहिमांना फोडणी देतात. मूळ मोहीम तुमच्याकडे नसेल तर त्यांचा उपयोग शून्य. मोहीम एकदा खेळून झाली आणि पुन्हा खेळावीशी वाटली, तरच त्यांच्या वाटेला जावं. मग एका संध्याकाळीत संपणारे सुटे डाव. आणि २०२० मध्ये आलेले पाच तयार कॅट, एकेका पात्राचे. उघडा आणि खेळा. कॅट लावायचा कंटाळा असलेल्या मित्रासाठी बेस्ट.

आता मला सांगा, हे सगळं वाचून माणसाला काय वाटतं? सगळंच घ्यावंसं वाटतं! एक कथेचा खोका म्हणजे माझा महिन्याचा किराणा. तरी रात्री दीड वाजता बास्केटमध्ये पाच खोके जमले होते. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी मी, पण आपलं काय चुकतंय ते दिसत नव्हतं.

एका सकाळी छोट्यानं ती शीट बघितली. चहाचा कप हातात, मान वाकडी. चौथ्या कॉलमपर्यंत स्क्रीनवर गेला नाही, नशीब. म्हणाला, “तायडे, हे सगळं कधी खेळणार?”

“म्हणजे?”

“माझे दोन महिने. त्यात शनिवार किती?”

आठ.

“मग आठ डावांची कुठली ती सांग. सोपी असलेली. बाकीची बास्केट रिकामी कर.”

डनविच! एवढ्या मोठ्या एक्सेलला जे जमलं नव्हतं, ते त्या प्रश्नानं दोन मिनिटांत केलं. मी कथेचा खोका मागवला. माणसांच्या खोक्यात ‘ॲशकॅन’ पीट नावाचा एक फिरस्ता होता, घर नाही, काम नाही, बरोबर ड्यूक नावाचा कुत्रा. छोट्या त्या चित्राकडे बराच वेळ बघत होता. पण म्हणाला, “नको. वेंडी आहे की.”

भांडण

डनविचची सुरुवातच अशी. म्हातारे प्रोफेसर आर्मिटेज येतात आणि सांगतात, की त्यांचे दोन सहकारी बेपत्ता आहेत. एक युनिव्हर्सिटीत असावा, दुसरा जुगाराच्या अड्ड्यावर. आधी कुठे जायचं ते तुम्ही ठरवा. दुसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. दोन्ही नीट होत नाही. आणि जे काय होईल ते एका कागदावर लिहायचं. ही मोहिमेची वही. कोण वाचलं, कोण राहिलं, कुणाला किती जखमा झाल्या. पुढचा डाव ती वही बघून तुमच्याशी वागतो.

तीन शनिवार झकास गेले. पोरगा शुक्रवारीच टेबल आवरायला लागला. मधल्या वारी कॅटमध्ये कुठलं पान घालू, कुठलं काढू, याची चर्चा. अनुभवाचे गुण मिळतात, ते खर्चून चांगली पानं घेता येतात. तो त्यात तासन्‌तास रमायचा. त्याच भरात कधीतरी सहज सांगून टाकायचा, “आज तिसऱ्या राउंडला काढलं मला.” पूर्वी “ठीक” यायचं, त्या जागी आता वाक्यं यायला लागली होती.

मी इतकी खूश झाले, की एक दिवस ऑफिसातूनच गुपचूप ‘कार्कोसा’ मागवली. सेल होता हो! आणि डनविच संपल्यावर काय, याचं मला टेन्शन यायला लागलं होतं.

चौथ्या शनिवारी सकाळी कुरियर आला. दार छोट्यानं उघडलं.

“हे काय?”

“पुढची मोहीम. स्वस्तात मिळत होती म्हणून...”

“अजून पाच डाव शिल्लक आहेत.”

“हो, पण ते संपल्यावर...”

“संपल्यावर काय?” त्यानं खोका टेबलावर ठेवला. अगदी हळू ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं. “संपल्यावरही मी इथेच असणार, असं तू धरूनच चाललीयेस ना? अजून आठ शनिवारांची सोय करून ठेवलीस.”

“तसं नाही रे...”

“ती शीट मी नंतर पूर्ण बघितली, तायडे. ‘छोट्याला आवडेल का?’ मी काय आठ वर्षांचा आहे? मे महिन्याची सुट्टी लागली म्हणून खेळणी आणतेस?”

त्या दिवशी खेळ झाला नाही. त्या आठवड्यात बोलणंही फारसं झालं नाही. कार्कोसाचा खोका कपाटावर गेला, प्लास्टिकसकट.

मला राग आला होता. एवढं करून वर हे ऐकायचं? पण बुधवारी रात्री झोप येईना, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तो बरोबर बोलत होता. मी खेळासाठी खोके निवडतच नव्हते. भावाला दुरुस्त करायचं सामान मागवत होते. हा डाव, मग तो डाव, मग तयार कॅट... कपाट भरलेलं असलं की माझा जीव निर्धास्त. त्याच्याशी सरळ बोलायची हिंमत नव्हती, म्हणून खरेदी. आणि त्या खरेदीत एक गोष्ट न बोलता लिहिलेली होती. ‘तुला काही एवढ्यात नोकरी मिळत नाही.’

बटव्यातून नारळ एकदा निघतो. मी तर प्रत्येक खोक्याबरोबर त्याच्या हातात एक नारळ देत होते.

उशीर झाला

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी भाजी घेऊन आले, तर टेबल मांडलेलं. बटवा मधोमध.

“चल, गाडी सुटेल,” छोट्या म्हणाला.

डनविचचा चौथा डाव रेल्वेत घडतो. तुम्ही गाडीत आहात, आणि मागच्या बाजूनं एकेक डबा नाहीसा होतोय. पुढे सरकत इंजिनापर्यंत पोचायचं आणि गाडी चालू करायची. लोकलच्या गर्दीत ज्यानं कधी या दारातून त्या दारापर्यंत जायचा प्रयत्न केलाय, त्याला ही भीती समजावून सांगायला नको.

आम्ही जवळजवळ पोचलो होतो. शेवटची चाचणी. छोट्यानं हातातली सगळी चांगली पानं लावली. बटव्यात हात घातला. नारळ. आणि वेंडीची ती सोय वापरायला हातात एकही पान उरलेलं नव्हतं.

दोघंही हरलो. मी पुस्तिकेतलं पान उघडलं. मला वाटलं, मोहीम इथेच संपली, आता पहिल्यापासून. पण या खेळाची खासियत अशी, की हरलात तरी बहुतेक वेळा कथा थांबत नाही. पुस्तिकेनं वहीत एवढंच लिहायला सांगितलं, की आम्हाला डनविचला पोचायला उशीर झाला.

उशीर झाला. बस. मेलात नाही, संपलात नाही, पहिल्यापासून सुरू करा असंही नाही. उशीर झालाय, आता पुढे निघा.

छोट्यानं ते स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिलं. पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. “उद्या बाबांना फोन करतो,” म्हणाला.

रविवारी सकाळी त्यानं गॅलरीत उभं राहून फोन केला. मी आत पोहे परतत होते, कान बाहेर. तो सांगत होता, एका दमात, सगळं. जानेवारीपासूनचं. मग शांतता. मग “हो... हो बाबा... हो, खाल्लं.” आत येऊन म्हणाला, “ते म्हणाले, बरं. नाश्ता केलास का?”

“एवढंच?”

“आणि म्हणाले, हे आधी सांगितलं असतंस तर तुझ्या ताईला एकटीला वाहावं लागलं नसतं.”

पोहे जरा करपले त्या दिवशी.

मग माणसं आली

उरलेले चार डाव आम्ही नेटानं खेळलो. मधला एक शनिवार बुडाल्यामुळे आठाचे नऊ झाले, एवढंच. शेवटी जिंकलो का? ते सांगितलं तर तुमची मजा जाईल. आठव्या डावानंतर दोन आठवड्यांनी त्याला नोकरी मिळाली, नाशिकला, एका छोट्या कंपनीत, पगार बंगळुरूपेक्षा बराच कमी. “उशीर झालाय, पण पोचलो,” त्यानं मेसेज केला. नशीब वगैरे काही बदललं नव्हतं. त्यानं सत्तावीस ठिकाणी अर्ज केले होते. त्याचं श्रेय पत्त्यांना दिलं तर तो मला मारेल.

पहिल्या पगारानंतर माझ्या दारात एक कुरियर आला. डनविचचा माणसांचा खोका. पीट आणि त्याचा कुत्रा असलेला. आत चिठ्ठी वगैरे काही नव्हती. फोन केला तर म्हणाला, “कथा तू आणलीस, माणसं माझ्याकडून. आणि कार्कोसा मी आल्याशिवाय उघडायची नाही!”

ती आम्ही त्या दिवाळीत उघडली. आता तो येतो तेव्हा एक डाव. गणपतीत एक, दिवाळीत एक, मधे एखादा लाँग वीकएण्ड. आठ डावांना दोन वर्षं लागली. वही तशीच्या तशी असते, कोण कुठे अडकलंय ते तिला पाठ असतं. छोट्या पीट घेतो. मी अजून रोलंडच.

दरम्यान या खेळाचे आणखी खोके आले. ‘द फीस्ट ऑफ हेमलॉक व्हेल’ आला, ‘द ड्राउन्ड सिटी’ आला. हात शिवशिवतो, खोटं कशाला बोला! पण ती शीट मी आता बदललीय. आणि हल्ली ऑफिसात कुणी विचारलं, ‘यातलं काय घेऊ गं?’ तर मी आधी उलटा प्रश्न विचारते. तुझ्याकडे संध्याकाळ किती, आणि समोर कोण बसणारेय?

एकच संध्याकाळ असेल तर सुटा डाव घे. चार असतील तर ‘ड्रीम-ईटर्स’मधली एक गोष्ट. आठ असतील आणि दोघंही नवखे असाल, तर डनविच. आठ असतील आणि समोरच्याला गोष्टींचं वेड असेल, तर कार्कोसा. आधी कथा, मग माणसं. आणि हातातला खोका संपल्याशिवाय दुसरा मागवायचा नाही. सेल असला तरी. सेल असला तर मुळीच नाही!

शीटमधला चौथा कॉलम मात्र काढून टाकलाय. ‘छोट्याला आवडेल का?’ हे आता मी त्यालाच विचारते, फोन करून. बहुतेक वेळा तो “नको” म्हणतो. मग आम्ही तासभर दुसरंच काहीतरी बोलत बसतो.